पाटी हेल्परची, काम कोअर मेकरचं

पावसाळ्याच्या तोंडाला ह्या सदराकडं येणारी निम्मी पत्रं बांधाची असतात, कुणी बांध कोरला, कुणी नांगर फिरवला, कुणाचं पाणी कुणाच्या उसात गेलं. ह्या खेपेला मात्र पगाराचे प्रश्न जास्त आले, आणि त्यातही बायकांचा पगार नि पुरुषांचा पगार ह्यातल्या फरकाचे, तर म्हणलं एक अंक त्यालाच देऊन टाकू. बांधवाल्यांनी जरा दम धरा. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारखान्यांची पण नाहीत.

प्रश्न : ताई, मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत कोअर शॉपला, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करतात तिथं आहे, सहा वर्षं झाली. मशीनवर कोअर काढते, कानसीनं घासते, पेंट मारून रॅकला लावते, सगळं करते. शेजारच्या मशीनवर एक पोरगा लागलाय त्याला चौदा महिने झाले, त्याला काम मीच शिकवलं. त्याला हातात १७,९०० पडतात आणि मला १४,२००. सुपरवायझरना विचारलं तर म्हणाले, तुमची पोस्ट हेल्परची, तो कोअर मेकर आहे, शिवाय त्याला बॉक्स, म्हणजे कोअरचा साचा, उचलायला लागतो. असा नियम आहे का हो? आणि कायदा आहे म्हणतात तो आमच्यासारख्यांना लागतो का?

उत्तर : लागतो की. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं कारण अशी निम्मी पत्रं तिथंच अडकलेली असतात, कायदा म्हणजे मुंबईच्या मोठ्या कंपन्यांसाठी, आपल्याला कुठलं. हेल्पर असा, क्लार्क असा, मॅनेजर असा, पगार घेऊन काम करताय ना, मग लागतो. ठेकेदाराच्या हजेरीवर असलात तरी लागतो, तिथं ठेकेदार मालक धरला जातो.

आता कायदा कुठला ते. १९७५ साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, त्या वर्षी सप्टेंबरात सरकारनं वटहुकूम काढला आणि १९७६ ला त्याचा समान वेतन कायदा झाला. तो जवळजवळ पन्नास वर्षं चालला. २०१९ ला वेतन संहिता पास झाली, तिच्यात किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि हा समान वेतनाचा असे चार जुने कायदे एकत्र घातले, आणि ती नुसती कागदावरच राहिली होती ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यामुळं कुणी तुम्हाला "तो कायदा रद्द झालाय" असं सांगितलं तर ते खरं आहे आणि फसवं पण आहे. जुना गेला, त्यातलं मूळ कलम नव्यात आलंय, एकाच मालकाकडं एकसारख्या कामाला पगार देताना बाई-पुरुष असा फरक करायचा नाही.

खरी मेख "एकसारखं काम" ह्या शब्दांत आहे आणि तुमच्या सुपरवायझरसाहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलंय, म्हणजे माणूस कच्चा नाही. कायदा म्हणतो चार गोष्टी बघा, कामाला लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी, आणि परिस्थिती सारखी आहे का ते बघा. काम अगदी तंतोतंत एक पाहिजे असं कुठंच नाही. थोडा फरक असला तर तो फरक प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे का, एवढंच विचारायचं. पोस्टचं नाव काय हे त्या चारात नाही. पाटीवर हेल्पर लिहा नाहीतर महाराणी लिहा, बघायचं ते हात काय करतात.

ह्यावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, १९८७ चा, आणि तो मला फार आवडतो कारण तो एका स्टेनोग्राफर बाईचा आहे. ऑड्री डिकॉस्टा, मॅकिनन मॅकेन्झी नावाच्या कंपनीत. तिथं बायकांना "कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर" असं भारदस्त नाव दिलेलं आणि पगार मात्र पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी. १९७७ ला त्यांची नोकरी गेली, तरी त्यांनी मागच्या फरकासाठी अर्ज केला आणि केस वर वर जात दहा वर्षांनी दिल्लीला पोचली. कंपनी म्हणाली युनियनशी तसा करार झालाय, कंपनी म्हणाली परवडत नाही. कोर्ट म्हणालं करार झाला म्हणून कायदा मोडता येत नाही, परवडत नाही हे कारण चालत नाही, आणि काम बघताना माणसं सहसा रोज जे करतात ते बघा, कधीमधी काय करू शकतील ते नको. हे शेवटचं वाक्य तुमच्या बॉक्सला जसंच्या तसं लागतं. तो पोरगा दिवसातनं किती वेळा बॉक्स उचलतो? मी एका कोअर शॉपला उभी राहून बघितलंय, बॉक्स बदलायचा तर ट्रॉली येते, दोघं धरतात, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि नंतर पूर्ण शिफ्ट दोघांचं सेम, मशीन उघड, कोअर काढ, घास, बघ फुटलाय का, रॅकला लाव, आणि तोंडाला तो गॅसचा वास. तुमच्याकडं रोज चाळीस वेळा जड बॉक्स तोच उचलत असेल तर गोष्ट वेगळी, मग मालकाला बोलायला जागा आहे. म्हणून आधी स्वतःशी प्रामाणिकपणे मोजा.

तर कलमं पाठ करत बसू नका, एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा-वीस दिवस रोज चार ओळी लिहा. तारीख, शिफ्ट, मशीन कुठलं, किती नग काढले, किती फुटले, बॉक्स किती वेळा बदलला आणि कुणी उचलला. शेजारच्या मशीनचे नग कळत असतील तर ते पण. नव्या माणसाला शिकवायला लावलं असेल तर ते ठळक लिहा, कारण शिकवणारी हेल्पर आणि शिकणारा कोअर मेकर हे कुठल्याच साहेबाला तोंड वर करून सांगता येत नाही. लई बायकांकडं राग भरपूर असतो पण कागद नसतो, आणि कामगार ऑफिसात कागद चालतो.

दुसरं, "हातात पडतात" ते आकडे ताडून बघू नका. हातात पडतो त्यातनं पीएफ, ईएसआय, कधी उचल कापलेली असते, त्याचा ओव्हरटाइम असेल, नाइट भत्ता असेल. पगाराची स्लिप समोरासमोर ठेवा आणि बेसिक, डीए, घरभाडं, गाडीभाडं एकेक ओळ बघा. घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइमचा दर हे सगळं समान वेतनाच्या हिशोबात धरायचं असं संहितेत स्पष्ट आहे, "बेसिक सारखाच आहे की" असं म्हणून भत्त्यात मारायची ही जुनी युक्ती आहे. तो नाइट करतो आणि तुम्ही करत नाही म्हणून त्याला नाइटचा भत्ता वेगळा, ते मान्य. पण नाइटच्या नावाखाली दिवसाचा दर पण वेगळा, ते नाही.

समजा स्लिपवर पण फरक महिन्याला ३,७०० च निघाला, तर चौदा महिन्यांचे ५१,८०० होतात. हा दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो. अधिकाऱ्याला पटलं तर फरक तर मिळतोच, वर नुकसानभरपाई, ती फरकाच्या दहा पटीपर्यंत देता येते. दहा पट मिळेलच असं धरून सोनं बघायला गुजरीत जाऊ नका, "पर्यंत" हा शब्द कायद्यात लई कामाचा असतो. मालकानं दिले नाहीत तर कलेक्टरकडनं जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आणि पैसे पूर्ण दिलेत हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. काम सारखं आहे हे मात्र तुम्हालाच दाखवायला लागणार, म्हणून ती वही.

जायचं कुठं, तर कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. पहिल्या दिवशी भांडायला जाऊ नका, अर्ज कुणाच्या नावानं आणि कुठल्या नमुन्यात ते विचारून या. नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा फरक मागायचा असेल तर जुना कायदा की नवा हा किस पडतो, तेवढ्यापुरतं वकिलाला दाखवा.

प्रश्न : नमस्कार. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, नऊ माणसं. पॅकिंगला दोन मुली आणि एक मुलगा, काम सेम. मुलाला ५०० रुपये जास्त देतो कारण त्याचं लग्न झालंय, घर चालवतो. आता कायद्याची भीती वाटायला लागलीय. तिघांना सारखं करायचं तर मुलाचे ५०० कमी केले तर चालेल का? धंद्यात मंदी आहे.

उत्तर : नाही चालणार. तुमच्यासारखे हुशार मालक असणार हे कायदा करणाऱ्यांना १९७६ लाच माहीत होतं, तेव्हाच लिहून ठेवलंय आणि नव्या संहितेतही आहे, समान करायच्या नावाखाली कुणाचाच पगार खाली आणता येत नाही. वरच न्यायला लागतं. मुलींचे ५००-५०० वाढवा, महिन्याला हजार.

राग मानू नका, पण "घर चालवतो" हे वाक्य मी पण ऐकलंय. वकिलीत यायच्या आधी मी एका ऑफिसात टायपिंगला होते, माझ्या बरोबरीनं लागलेल्या मुलाला तीनशे रुपये जास्त, आणि साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "त्याच्यावर घर आहे, तुला काय, बांगड्या-टिकल्यांना पुरे की." माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी पण सांगितलं नाही, मान डोलवून मशीनवर जाऊन बसले. तुमच्या त्या दोन मुलींच्या घरी काय आहे तुम्हाला तरी माहीत आहे का? आणि माहीत असून पण उपयोग नाही, पगार कामाचा असतो, रेशनकार्डाचा नव्हे. उद्या त्यातल्या एकीचं लग्न झालं तर ५०० वाढवणार आहात का?

फरक ठेवायला तुम्हाला बंदी नाही, हे पण ऐका. तो मुलगा आठ वर्षांचा जुना असता आणि जुन्यांना तुम्ही सगळ्यांनाच, बाई असो की बुवा, वर्षाला अमुक वाढ देत असता तर प्रश्नच नव्हता. तो पॅकिंग करून टेम्पो पण चालवत असता तर त्याचे वेगळे द्या. कारण कामात पाहिजे आणि ते सगळ्यांना एकसारखं लावलेलं पाहिजे.

भीतीचं म्हणाल तर पगार कमी दिला म्हणून दंड ५० हजारांपर्यंत आहे. तीच चूक पाच वर्षांच्या आत परत केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. महिन्याला हजार स्वस्त पडतात.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडं भांगलणीला बायांना ३०० रुपये देतात आणि गड्याला ५०० च्या वर. गडी आमच्याच बरोबर त्याच सरीत असला तरी. विचारलं तर म्हणतात पहिल्यापासनं असंच हाय. शेताला कायदा नसतो का?

उत्तर : असतो, पण खरं सांगायचं तर शेतात तो पोचत नाही. "पहिल्यापासनं असंच" हे कायद्यात कारण नाही, त्याच शेतात, त्याच मालकाकडं, त्याच सरीत दोघं भांगलत असतील तर दर एकच पाहिजे. सरकार किमान वेतनाचे दर काढतं त्यात बाईचा वेगळा नि गड्याचा वेगळा रकाना नसतो, आणि रोजगार हमीच्या कामावर तर बायका-पुरुषांना एकच दर वर्षानुवर्षं मिळतोय, म्हणजे सरकारी खड्डा खणला की बाईची ताकद गड्याएवढी होते आणि पाटलाच्या शेतात आली की कमी होते, असला हा चमत्कार.

पण तुमच्या प्रश्नात एक गोम आहे. बहुतेक शेतात गडी आणि बाया एका सरीत नसतातच. औषध मारणं, पाणी पाजणं, भरणी गड्याकडं, भांगलण आणि लावण बायांकडं, आणि मग म्हणायचं कामच वेगळं. उकिडवं बसून दिवसभर खुरपं चालवणं हे हलकं काम, असं ज्यानं ठरवलं त्याला एक दिवस खुरपं द्यावं असं मला कायम वाटतं, दुपारच्या भाकरीपर्यंत तरी टिकला तर. कायद्यानं कौशल्य आणि मेहनत दोन्ही बघायला सांगितलंय, त्यामुळं कामाचं नाव वेगळं म्हणून विषय संपत नाही, पण तिथं तुम्हाला झगडायला लागेल आणि दोन महिन्यांच्या हंगामासाठी, मालक रोज वेगळा, कोण कुठं अर्ज करत बसणार? रजिस्टर ठेवा, स्लिप द्या हे नियम पण पाच किंवा कमी माणसं लावणाऱ्या शेतमालकाला लागू नाहीत, म्हणजे कागद पण नाही.

त्यापेक्षा ज्या गावात दर वाढलेत तिथं टोळीनं वाढवून घेतलेत, हे मी बघितलंय. लावणीच्या ऐन घाईत आठ-दहा बायांनी एक दर सांगायचा आणि त्याच्या खाली कुणी जायचं नाही. टोळी फुटली तर मुकादमाला फावतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : शाहूपुरीत एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. जॉइन होताना पगार कुणाला सांगायचा नाही असं सही घेऊन लिहून घेतलंय. मग मला कमी आहे हे कळणार कसं? आणि दुसरं म्हणजे तक्रार केली तर काढून टाकतील याची भीती वाटते. एकटीनं केस करायला पैसे पण नाहीत.

उत्तर : तीन प्रश्न आहेत हे, एकेक बघू.

कळणार कसं. संहितेनुसार मालकानं ऑफिसात दिसेल अशा ठिकाणी बोर्ड लावायचा असतो, त्यावर कुठल्या कॅटेगरीला काय दर, पगाराची तारीख आणि इन्स्पेक्टरचं नाव-पत्ता (आता त्यांना निरीक्षक-नि-सुलभकर्ता असं लांबलचक नाव आहे, म्हणायला गेलं की जीभ वळते). तुमच्या ऑफिसात असा बोर्ड कुठं दिसतोय का बघा, बहुतेक वेळा पाण्याच्या फिल्टरमागं कॅलेंडर असतं आणि बोर्ड नसतोच. पण इन्स्पेक्टर रजिस्टर मागू शकतो आणि तिथं तुमच्या सहीचा काही संबंध येत नाही. तुम्ही दुसऱ्याचा पगार चोरून बघू नका मात्र, अकाउंट्सला आहात, फाइल हाताखाली असते, मोह होतो. असल्या फाइलचे फोटो काढून आणलेली एक मुलगी माझ्याकडं आली होती आणि मग पगाराची गोष्ट बाजूलाच राहिली, फोटोवरच सगळं रामायण.

पैशाचं टेन्शन घेऊ नका. बाईला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असली तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं आहे आणि लई बायकांना हे माहीतच नाही. दाखला-बिखला उत्पन्नाचा लागत नाही. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. आणि प्रकरण वर हायकोर्टात गेलंच तर आता मुंबईची एसटी पकडायला नको, ऑगस्ट २०२५ पासनं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतं.

राहिली भीती. काढणार नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. काढतात, सरळ नाही काढलं तर टेबल बदलतात, टार्गेट देतात, चहाच्या वेळेवरनं मेमो देतात. म्हणून अर्ज तुम्ही स्वतःच केला पाहिजे असं नाही, रजिस्टर युनियनची मेंबर असाल तर युनियन करू शकते, इन्स्पेक्टर स्वतः करू शकतो. आणि एका ठिकाणच्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो, ऑफिसात तुम्ही एकट्याच कमी पगारावर असाल असं मला वाटत नाही, डबा खाताना जरा कानोसा घ्या.

असाच एक अर्ज माझ्याकडं तपासायला आला होता, अकरा बायकांचा. खाली सह्यांची यादी नव्हती, मधी भाकरीएवढा गोल काढलेला आणि त्याच्या कडेनं सगळ्यांच्या सह्या, दोन अंगठे. मी विचारलं हे काय, तर त्यातली एक म्हणाली, पहिली सही कुणाची ते साहेबाला कळायला नको, म्हणून ताट ठेवून गोल मारला.